‘अबाइड विथ मी’ आणि बदलाचे दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चर्चच्या मंडळीत पेटी वाजवणाऱ्याला लोक उपासना संपली की दारातच गाठतात. कुणाला पाळकांच्या निरोपाला काय गावं हे हवं असतं, कुणाची मुलगी कॅनडाला निघालेली असते, कुणाचं जुनं घर पाडायला काढलेलं असतं. फिरूनफिरून ‘अबाइड विथ मी’ (‘माझ्यापाशी राहा’) या एकाच जुन्या इंग्रजी ख्रिस्ती गीतावर गाडी येते, म्हणून एकदाच लिहून ठेवतो. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात उगाळलेलं नाही, क्रमांक दिला आहे तिथे जाऊन पाहा.

१. बदलाच्या काळात नेमकं हेच गीत का सुचवता?

कारण ते बदलाचं नाव घेतं. दुसऱ्या कडव्यात गाणारा सरळ म्हणतो की जिकडे बघावं तिकडे बदल आहे, झीज आहे. न बदलणारा तू तेवढा माझ्यापाशी राहा. आपली बरीचशी धीराची गाणी ‘भिऊ नको’ म्हणतात. या गीतात सांत्वन करणारा कुणी नाहीच, आहे तो फक्त मागणारा. पाचही कडवी ‘माझ्यापाशी राहा’ याच मागण्यावर येऊन थांबतात. चौथ्या कडव्यात विजयाची भाषा आहे, पण तीही ‘तू राहिलास तर’ या अटीवर टेकलेली. ज्याचं सगळं हललेलं आहे त्याला उपदेश नको असतो. मागणं मात्र त्याच्या तोंडी बसतं.

२. पण हे तर दफनाच्या वेळचं गाणं ना? निरोप समारंभात अशुभ नाही का वाटणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. गीताचं मूळ लूकच्या शुभवर्तमानाच्या २४व्या अध्यायात, २९व्या वचनात आहे. दोन शिष्य यरुशलेमेहून अम्माऊस गावाकडे चालले आहेत, वाटेत एक अनोळखी वाटसरू त्यांच्याबरोबर झाला आहे (तो येशूच आहे, हे त्यांना अजून कळलेलं नाही). गाव आल्यावर तो पुढे जाऊ लागतो तेव्हा ते आग्रह करतात, की आता संध्याकाळ झाली, दिवस कलला, आमच्याकडेच राहा. आपल्याकडे दारात आलेल्या पाहुण्याला ‘आता कुठे जाता अंधाराचं, जेवून इथंच झोपा’ म्हणतात, तोच हा सूर. म्हणजे मुळात हे संध्याकाळचं, पाहुण्याला थांबवून घेण्याचं गीत. दफनभूमीत ते नंतर गेलं, आणि तेही शेवटच्या दोन कडव्यांमुळे. इंग्लंडमध्ये तर १९२७ पासून एफए कप या फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्याआधी भरल्या स्टेडियममध्ये ते गायलं जातं. तिथे कुणी अशुभ म्हणत नाही.

कोणती कडवी घ्यायची यावर सगळं अवलंबून आहे, त्यासाठी प्रश्न ५ पाहा.

३. लिहिलं कुणी? त्यामागची गोष्ट उपासनेत सांगायची आहे.

हेन्री फ्रान्सिस लाइट. जन्म १७९३, स्कॉटलंड. आयुष्याची वीसेक वर्षं इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावर ब्रिक्सहॅम या मासेमारीच्या बंदरात पाळक. क्षयाने खंगल्यावर १८४७ च्या सप्टेंबरात त्यांनी मंडळीत शेवटचा उपदेश केला, हवापालटासाठी दक्षिणेकडे निघाले आणि २० नोव्हेंबर १८४७ रोजी नीस शहरात वारले. आज आपण गातो ती चाल त्यांची नाही. विल्यम हेन्री मंक यांनी ती १८६१ साली एका नव्या गीतसंग्रहासाठी बांधली. तिचं नाव ‘इव्हनटाइड’, म्हणजे सांजवेळ.

एक सांभाळा. शेवटच्या उपदेशानंतर लाइट समुद्राकाठी फिरून आले आणि त्याच संध्याकाळी गीत लिहिलं, ही गोष्ट व्यासपीठावरून फार रंगवून सांगतात. दुसरी परंपरा मात्र गीताची सुरुवात १८२० मध्ये, मरणाच्या दारात असलेल्या एका मित्राच्या उशाशी ठेवते. तेव्हा ‘असं सांगतात’ एवढं म्हणा आणि पुढे चला.

४. रविवारच्या शाळेतल्या मुलांना अर्थ कसा सांगू?

लाइट बंदरात राहत होते हे आधी सांगा. दुसऱ्या कडव्यात आयुष्याचा छोटासा दिवस ‘ओहोटीसारखा’ सरत चालल्याचं म्हटलं आहे. रत्नागिरी-अलिबागच्या मुलाला हे समजावावं लागत नाही, त्याने चिखलात कललेल्या होड्या रोज पाहिलेल्या असतात. नगर-सोलापूरकडच्या मुलांना मी उन्हाळ्यात आटत जाणाऱ्या तलावाचं सांगतो. उपमा तंतोतंत बसत नाही, कारण ओहोटीचं पाणी सहा तासांनी परत येतं आणि तलावाला जून उजाडावा लागतो. एकदा एका मुलानेच हे माझ्या लक्षात आणून दिलं, आणि त्या दिवशी माझ्यापेक्षा त्यानेच गीत बरं शिकवलं.

५. पाचही कडवी गायची का?

नाही. निदान बदलाच्या प्रसंगी तरी नाही.

मी हे चुकून शिकलो. एका पाळकसाहेबांची बदली झाली, निरोपाची उपासना होती. गायनमंडळाने हौसेने पाचही कडवी बसवली, मीही हो म्हटलं. साहेब पन्नाशीचे, ठणठणीत, अंगावर नुकतीच घातलेली शाल, मांडीवर गुच्छ. आम्ही पाचव्या कडव्यावर आलो. त्यात गाणारा म्हणतो, माझे डोळे मिटत असताना तुझा वधस्तंभ माझ्यासमोर धर. पहिल्या बाकावरच्या पाळकबाईंनी माझ्याकडे असं काही पाहिलं की माझा हात पेटीच्या भात्यावरच अडखळला. साहेब नंतर हसून म्हणाले, “बदली झालीय हो, अजून बोलावणं नाही आलं.”

तेव्हापासूनचा माझा हिशोब असा. बदली, निवृत्ती, स्थलांतर, घर बदलणं यांना पहिलं, दुसरं आणि तिसरं. बदल आनंदाचा असेल तर पहिलं आणि तिसरं (प्रश्न ६). चौथं आणि पाचवं मरणाला सामोरं जाणारी आहेत. चौथ्यात करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायातली ‘मरणा, तुझी नांगी कुठे’ ही ललकारी आहे. ती दोन दफन आणि स्मरणाच्या उपासनेसाठी राखून ठेवा. अर्धवट गाणं म्हणजे गीताचा अपमान, असं एक ज्येष्ठ बाई मला दरवर्षी सुनावतात. पण लाइट यांच्या मूळ कवितेत आठ कडवी होती, बहुतेक गीतपुस्तकांनी तीन गाळली, म्हणजे निवड आपल्याआधीच सुरू झालेली आहे.

६. बदल चांगला असेल तर? मुलाला परदेशात नोकरी लागली आहे, आम्ही खूश आहोत.

मग दुसरं कडवं टाळा. त्यात बदल आणि झीज हातात हात घालून येतात, जणू बदल म्हणजे नासणंच. मुलगा बंगळुरूला किंवा बर्लिनला निघाला तर त्यात कोमेजण्यासारखं काही नाही. तिसऱ्या कडव्यात ‘ढग असोत की ऊन’ असं आहे आणि क्षणोक्षणी तुझी सोबत हवी असं मागणं आहे. आनंदाच्या प्रसंगी तेच शोभतं. आणि खरं सांगायचं तर ऊन मुलाच्या वाट्याला आणि ढग आईबापाच्या, असं एकाच खोलीत पुष्कळदा असतं. त्या एका ओळीत दोघांचीही सोय होते.

७. परदेशी गीत कशाला? आपल्या मराठी भजनांत असं काही नाही का?

आहे, भरपूर आहे, आणि पुष्कळ वेळा तेच अधिक योग्य. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि ओवीच्या वळणाची जी पदं लिहिली ती मराठी मंडळीच्या ओठांवर शंभर वर्षांहून जास्त काळ आहेत. बदल म्हणजे काय हे त्या माणसाला कुणी शिकवायला नको होतं. १८६१ साली कोकणात करजगावला ब्राह्मण घरात जन्म, १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा, त्यापायी घर मोडलं. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षांनी पुन्हा त्यांच्याकडे आल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. १९१७ मध्ये, साठीला चार वर्षं उरलेली असताना, टिळकांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, आणि १९१९ मध्ये ते गेले. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त हे सगळं हसतखेळत सांगितलं आहे, पण त्या हसण्याच्या तळाशी काय आहे हे वाचणाऱ्याला कळतंच.

मी दोन्ही ठेवतो. मंडळी टाळ-तबल्यावर गाणारी असेल तर टिळकांचं भजन आधी, मग हे गीत शांतपणे. बसून भजन ऐकलेल्या माणसांना उभं राहून तीन कडवी गायला जड जात नाही.

८. मराठीत गावं की इंग्रजीत?

जमलेल्यांपैकी जास्तीत जास्त लोकांना कळेल त्यात. तुमच्या मंडळीत जे भाषांतर रुळलं आहे तेच घ्या, नवं शोधत बसू नका. म्हाताऱ्या माणसांना शब्द पाठ असतात आणि चष्मा घरी राहिलेला असतो. नातवंडं इंग्रजी माध्यमातली असतील तर एक कडवं इंग्रजीत चालेल. देवनागरीत लिहिलेलं इंग्रजी मात्र पडद्यावर लावू नका, ते कुणालाच वाचता येत नाही.

९. पेटीवर कुठली पट्टी धरायची? बायकांना उंच जातं अशी तक्रार आहे.

छापील स्वरलेखनात बहुधा काळी दोन असते. खरं म्हणजे या चालीचा पल्ला फार लहान आहे, खालच्या सा पासून ध पर्यंत, बस. नी नाही, वरचा सा नाही. म्हणून तर फुटबॉलच्या मैदानावर लाखभर बेसूर माणसंही ती गाऊ शकतात. तरी उंच जात असेल तर पांढरी एक धरा. संध्याकाळी आवाज तसेही बसलेले असतात.

पहिली ओळ: ग ग रे सा, प ध प, प म ग.
दुसरी: ग म प ध प म, रे ग म॑ प. इथे ओळीतला शेवटून दुसरा स्वर, म्हणजे प च्या आधीचा म, तीव्र आहे. आपले नव्वद टक्के पेटीवाले तो शुद्धच वाजवतात, मीही पंधरा वर्षं वाजवला. शुद्ध वाजवला की ओळ जागच्या जागी बसून राहते. तीव्र लावला की ती एक पायरी चढून प वर उभी राहते, आणि तिसरी ओळ कुठून तरी खाली उतरून आल्यासारखी वाटते. एवढी एक काळी-पांढरी नीट सांभाळा.
तिसरी: ग ग रे सा, प प म, म ग रे.
चौथी: रे ग म ग रे सा, म ग रे सा.

प्रत्येक ओळीच्या शेवटचा स्वर लांब आहे, तिथे लोकांना श्वास घेऊ द्या. एक ओळ एका श्वासात झाली की लय बरोबर समजा.

१०. तबला चालेल का? तरुणांना गिटार हवी आहे.

चार मात्रांची चाल आहे, केरव्यात बसते. पण निरोपाच्या वेळी तबलजीला विश्रांती द्या. गिटार चालेल, झंकारण्यापेक्षा तारा एकेक छेडल्या तर अधिक बरं. मधे मधे सुरांचे नवे जोड-तुकडे, टाळ्या, ‘आता फक्त बहिणी’ असलं काही घालू नका.

११. मंडळीत वाद आहे. पाळकांची बदली काहींना अन्यायाची वाटते (किंवा: जुनी इमारत पाडायला अर्ध्या लोकांचा विरोध आहे). सभा शांत व्हावी म्हणून हे गीत घ्यावं का?

घेऊ नका. हे मी जरा जोर देऊन लिहितो, कारण असा वापर सर्रास होतो. सभा तापली की कमिटीतलं कुणीतरी उठतं आणि ‘चला, एक गीत गाऊया’ म्हणतं. ज्याचं बोलणं अर्धवट राहिलं त्याला त्या क्षणी गीत म्हणजे तोंडावर ठेवलेला हात वाटतो. पुढे वर्षानुवर्षं ते गीत सुरू झालं की तो माणूस बाहेर जाऊन उभा राहतो. माझ्या माहितीत असा एक आहे.

लूकचा तोच अध्याय पुन्हा वाचा. वाटसरू त्या दोघांना आधी विचारतो, तुम्ही काय बोलत चालला आहात? ते खिन्न होऊन उभे राहतात. मग सगळी तक्रार सांगतात, ‘आम्हांला आशा होती’ हेसुद्धा. तो मधे तोडत नाही. ‘राहा’ हा शब्द त्यानंतर, मैलोन्‌मैल बोलून झाल्यावर येतो. तेव्हा सभा वेगळी घ्या, मतं इतिवृत्तात लिहून घ्या, हवं तर बिशपांकडे अर्ज करा. गीत दुसऱ्या दिवशी, ज्यांना गावंसं वाटतं त्यांनी गावं. विरोध करणाऱ्यानेही हे गीत गावं, त्याला कोणाची ना नाही. पण त्याला गप्प करण्यासाठी नको.

१२. एक शंका: शिष्यांनी ‘राहा’ म्हटलं आणि येशू तर लगेच दिसेनासा झाला. मग मागणं फुकटच गेलं ना?

छान प्रश्न आहे, एका कॉलेजच्या मुलीने विचारला होता. तो आत गेला, पंक्तीला बसला, भाकर मोडली, त्यांना ओळख पटली, आणि तो दिसेनासा झाला. पुढचं वचन बहुतेक जण वाचत नाहीत. ते दोघं त्याच घटकेला उठून यरुशलेमेला परत गेले. सुमारे ११ किलोमीटर, रात्रीचे, जी वाट नुकतीच तंगडतोड करत संपवली होती तीच. ज्यांनी ‘अंधार झाला, आता पुढे जाऊ नका’ म्हटलं तेच अंधारात निघाले.

म्हणून ‘आहे तसंच राहू दे’ असा या गीताचा अर्थ लावू नये असं माझं मत आहे. घर बदलू नये, पाळक बदलू नयेत, उपासनेची वेळ नऊची साडेनऊ होऊ नये, या कशासाठीही हे वचन वापरता येत नाही. जुन्या चालींना चिकटून बसणाऱ्यांत मी पहिला, तरी सांगतो.

१३. आजारी माणसाच्या उशाशी गाऊ का?

आधी विचारा. हो म्हटलं तर पहिलं कडवं, हळू, पेटीशिवाय. पाचवं आपणहून सुरू करू नका. त्यांनी स्वतः मागितलं तर मात्र टाळूही नका, मागणाऱ्याला काय मागतो आहे हे ठाऊक असतं. १९१५ मध्ये ब्रुसेल्सच्या तुरुंगात एडिथ कॅव्हेल या परिचारिकेने मृत्युदंडाच्या आदल्या रात्री भेटीला आलेल्या पाळकाबरोबर याच गीताचे शब्द म्हटले होते.

१४. लग्नात?

मुलगी सासरी जाते हा बदलच, हे खरं. पण मांडवात हे गीत मला जड वाटतं. लाइट यांचंच स्वर्गाच्या राजाच्या स्तुतीचं एक गीत आहे, १८३४ चं, ते घ्या. राजकन्या एलिझाबेथच्या लग्नात वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये तेच गायलं गेलं. तारीख २० नोव्हेंबर १९४७, म्हणजे लाइट यांच्या मृत्यूला बरोबर शंभर वर्षं झाली तो दिवस.

१५. ऑफिसच्या सेंडऑफमध्ये गाता येईल का? सगळे ख्रिस्ती नाहीत.

शब्द न गाता नुसती चाल वाजवा. भारतात ही चाल चर्चबाहेरही ओळखीची आहे. गांधीजींना हे गीत आवडायचं, आणि दिल्लीत विजय चौकात २९ जानेवारीच्या ‘बीटिंग रिट्रीट’मध्ये (प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याच्या समारोपात) लष्करी बँड वर्षानुवर्षं ते वाजवत आले. २०२२ साली ते कार्यक्रमातून वगळलं गेलं आणि ‘ऐ मेरे वतन के लोगों’ची धून आली. त्या वगळण्यावर ऑफिसात वाद घालू नका, सेंडऑफ ज्याचा आहे त्याचा केक तसाच राहतो.

१६. आम्ही वसईचे कॅथलिक. मिस्सात चालेल का?

फादरांना विचारून, कम्युनियननंतरच्या शांततेत चांगलं बसतं. पुनरुत्थान काळातल्या तिसऱ्या रविवारी, ‘अ’ वर्षात (वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रातल्या पहिल्या वर्षी), अम्माऊसचंच शुभवर्तमान वाचलं जातं. त्या दिवशी तर कारण शोधायलाही नको.

१७. यूट्यूबवर टाकलं तर कॉपीराइटचा त्रास होईल?

लाइट १८४७ मध्ये गेले आणि मंक १८८९ मध्ये. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे मूळ शब्द आणि चाल दोन्ही मोकळी आहेत. अडचण दोन ठिकाणी येते. मराठी भाषांतरकार अलीकडचा असेल तर भाषांतराचा हक्क त्याच्याकडे किंवा वारसांकडे असतो. आणि दुसऱ्याचं ध्वनिमुद्रण मागे लावलंत तर त्या कंपनीचा दावा येतो. उपासनेत प्रत्यक्ष गाण्याला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात धार्मिक विधी म्हणून सूट आहे, पण तीच सूट व्हिडिओ टाकायलाही मिळेल असं धरून चालू नका. आपली पेटी, आपले आवाज, इतकं असलं की बहुतेक निभावतं.

१८. लोक रडायला लागतात. मधेच थांबवू का?

थांबवू नका, आवाज वाढवूही नका. पेटी चालू ठेवा. ज्यांना गाता येतं ते गातील.

१९. मिशन कंपाउंडमधलं घर सोडतोय. शेवटच्या संध्याकाळी घरच्यांनीच गायचं आहे. काय तयारी करू?

पहिली तीन कडवी, कारण प्रश्न ५ मध्ये आहे. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून नेहमीपेक्षा एक पट्टी खाली धरा आणि ओळीच्या शेवटी घाई करू नका, भिंती तुमच्यानंतर क्षणभर गातात. मीटर कापलं गेलं असेल तर मेणबत्ती ठेवा. आणि पेटी टेम्पोत सगळ्यात शेवटी चढवा. आधी चढवलीत तर ती गाद्यांच्या खाली जाते.